काचेचा हलवा

आई, परवा संक्रांत झाली आणि तुझी नातसून काळ्या साडीवर माझ्या हातचा हार घालून हळदीकुंकवाला बसली. हार हलव्याचाच, पण काचेचा. हे ऐकून तू आधी कपाळावर हात मारला असतास आणि मग विचारलं असतंस, "आणि फुटला नाही?" फुटला. ओवण्याआधीच चांगला दोनदा फुटला. तेच सांगायला बसलो आहे, कारण या घरात ते नीट कळेल असं आता कुणी नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून लिफ्टवरून भांडतात. मी डोंबिवलीला एका बाईंकडे काचेचे मणी करायला शिकलो. घरी सांगितलं तेव्हा तुझी सून म्हणाली, "लोक या वयात जपमाळ ओढतात, तुम्ही मणीच करायला बसा." आता घोडबंदर रोडच्या आमच्या घरातली मागची बाल्कनी माझी आहे. टेबलाला पक्का बसवलेला बर्नर, डोळ्यांवर जांभळट चष्मा, एका हातात मातीचा लेप दिलेली पोलादी तार आणि दुसऱ्या हातात काचेची कांडी. ज्योतीत कांडीचं टोक मधासारखं ओघळायला लागलं की ते तारेवर गुंडाळायचं आणि तार फिरवत राहायची. हात थांबला की मणी एका बाजूला लोंबलाच. सुरुवातीला माझे सगळे मणी लोंबायचे. बाई बिचाऱ्या माझ्या मुलीच्या वयाच्या, पण ओरडायच्या तुझ्यासारख्या. "काका, बघत काय बसलात? फिरवा! आणि हळू, कुठे गाडी पकडायचीय?" त्यांना काय माहीत, मी आयुष्यभर वागळे इस्टेटमधल्या कंपनीत डिस्पॅचला होतो. माल भरला का, गाडी सुटली का, एवढंच विचारत जन्म गेला. हळू हा शब्द तिथे शिवीसारखा होता.

हळू काम मी फक्त तुझ्याकडे पाहिलेलं. नौपाड्यातलं आपलं ते स्वयंपाकघर, पौषातली पहाट, खिडकीतून येणारा गार वारा. तू मुद्दाम खिडकी उघडी ठेवायचीस, कारण थंडी असली की हलव्याला काटा छान येतो. शेगडीत निखारे जेमतेम जिवंत, वर परात, परातीत मूठभर तीळ. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत बसायचं, पाक सुकेपर्यंत. मग पुन्हा चमचाभर. मी शेजारी पाटावर बसून विचारतो आहे, आला का काटा, आला का, आणि तू पुढचा चमचाभर पाक सोडते आहेस. ते काम दिवसचे दिवस चालायचं. गल्लीत कुणाची पहिली संक्रांत असली, कुणाच्या बाळाचं बोरन्हाण असलं की दागिने आपल्याकडून जायचे, म्हणून तुला चुकून चालायचं नाही. हात अवघडला की तू परातीवर बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा पसरून उठायचीस, आणि तू चहा ठेवायला वळलीस की मी तो तुकडा उचलून आत बघायचो. दर वेळी पकडला जायचो. तू हातावर फटका मारायचीस, जोरात नाही, पण लागेल असा. "बघितल्याने काटा येत नाही. झाक ते!"

पण काटा आला की पहिला दाणा माझा. तू आधी स्वतः एक दाणा जिभेच्या टोकावर ठेवायचीस, डोळे मिटून. काटा बोटाला कळत नाही, जिभेला कळतो, असं तुझं म्हणणं. मग मला म्हणायचीस, "जीभ काढ." जिभेवर आधी नुसता खरखरीत काटा लागायचा आणि मग हळूहळू गोडी उतरायची. फटका, राग, सगळं तिथे विरघळून जायचं.

तर यंदा मुलाचं लग्न झालं आणि सुनेची पहिली संक्रांत आली. पोरगी मोकळी आहे, मला सरळ बाबा म्हणते. डिसेंबरात मोबाइल पुढे करून म्हणाली, "बाबा, ऑनलाइन सेट मस्त आहेत, हा मागवू?" बघितलं तर प्लास्टिकचे गोळे! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अजिबात मागवू नकोस. हार मी करतो." ती खूश झाली, तिच्या आईलाही तिने फोनवर सांगून टाकलं. माझी बायको मात्र माझ्याकडे बघत राहिली, कारण तोवर माझे साधे गोल मणीही धड होत नव्हते.

काटेरी मणी म्हणजे असं, की पांढरा मणी फिरवत ठेवून त्यावर काचेच्या बारीक धाग्याने टिंब टिंब लावत जायचं. ऊब जास्त झाली की टिंबं वितळून सपाट होतात, कमी पडली की नंतर टचकन तुटतात. मधली ऊब सापडायला मला पंधरवडा लागला, आणि सापडली तेव्हा मी बाल्कनीत एकटाच हसलो. पण खरी गोम पुढे होती. मणी झाला की टेबलाशेजारच्या छोट्या विजेच्या गरम भट्टीत ठेवायचा आणि भट्टी बंद करून तिला आपल्या गतीने थंड होऊ द्यायची, दुसऱ्या दिवसापर्यंत. तेवढंच करायचं होतं. मला ते जमेना. संध्याकाळ झाली की मी झाकण बोटभर उचलून आत बघायचो. बाहेरची हवा लागायची आणि आतून टिक, टिक असे आवाज यायचे. सकाळी बघावं तर निम्म्या मण्यांना तडे. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. आई, माझ्या हाताला कळत होतं काय होणार ते, तरी हात जायचाच. संक्रांत तोंडावर आली आणि सुनेच्या गळ्यात घालायला माझ्याकडे तडकलेल्या मण्यांची वाटी होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, खरंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पांढऱ्या कांड्या घेऊन बसलो आणि दुपारपर्यंत सगळे मणी भट्टीत गेले. झाकण लागलं तशी बायको मटारची पिशवी आणि स्टूल घेऊन बाल्कनीत आली आणि भट्टीसमोर ठाण मांडून शेंगा सोलत बसली. "हे काय?" मी विचारलं. ती म्हणाली, "सासूबाईंनी मला लग्नानंतरच सांगून ठेवलं होतं. याच्या हाताला खोड नाही, डोळ्याला आहे. याला झाकलेलं बघवत नाही." तुम्ही दोघी माझ्याबद्दल इतकं बोलायचात हे मला आत्ता या वयात कळलं! रागावणार होतो, पण हसूच आलं. मटार संपले तर तिने मेथी निवडायला घेतली. तिने मला भट्टीकडे फिरकू दिलं नाही, आणि झोपताना बाल्कनीच्या दाराची किल्ली उशाखाली ठेवली.

सकाळी झाकण उघडलं, सगळे मणी शाबूत. पांढरे, काटेरी, एकेक हलव्याच्या दाण्यासारखा. हार ओवला, मध्ये काळे मणी घातले. सुनेने घातला आणि म्हणाली, "बाबा, जड आहे, पण मला हाच हवा होता." मी चष्मा पुसायला आत गेलो. हळदीकुंकू उरकल्यावर शेजारची छोटी हाराकडे बघत उभी होती. तिने विचारलं, "हा कधी तोडायचा? आम्ही खातो तो." तिला सांगावं लागलं की हा खायचा नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. तुझे हार संध्याकाळपर्यंत पोरांच्या पोटात जायचे आणि तुला त्याचं कधी काही वाटलं नाही. माझा हार डब्यात जाईल आणि राहील. तू केलेलं जास्त चांगलं होतं, हे मला मान्य आहे, आणि तरी मी खूश आहे.

हा कागद पाठवायला पत्ता नाही. हाराच्या डब्यात तळाशी घालीन, म्हणजे मणी खडखडणार नाहीत. फक्त एक गोष्ट इथे कुणाला सांगितलेली नाही. त्या सकाळी झाकण उघडलं तेव्हा बायको चहा ठेवायला वळली होती. मी एक मणी तारेवरून काढला, धुतला, डोळे मिटले आणि जिभेवर ठेवला. काटा लागला, आई. आणि मग, इतकं सगळं कळत असूनही, मी तसाच उभा राहिलो, गोड लागायची वाट बघत.