सात भोकांची फळी

९ जानेवारी १९९४, रविवार

सुभाषच्या दुकानाचं कुलूप आज सात महिन्यांनी निघालं. एकटाच गेलो. किल्ली त्यानेच दिली, धाकटा भाऊ माझा; काय आणायचंय हेही विचारलं नाही. मागच्या भिंतीला ती फळी होती. अठरा मि.मी.चा प्लाय, वर अक्रोडी सनमायका. रंधा मशीनने सुभाषच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली, त्याच्या आदल्या दिवशी चिकटवलेली. कडांना नख अडकत नाही. दहा बोटांनी केलेलं त्याचं शेवटचं काम. तिला सात भोकं पाडायची आहेत आणि पाडणार कोण, तर मी, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सहायक. आयुष्यात खिळासुद्धा सरळ गेलेला नाही.

१० जाने. सोम.

बेत. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, त्याला गेम पार्लरमध्ये असतं तसं उभं लाकडी खोकं. आत जुना टीव्ही, खाली उतरती फळी, फळीवर खेळाची दांडी (जॉयस्टिक) आणि सहा बटणं. वायरिंग माझं, ते जमेल.

डॉ. म्हणालेत, अंगठा आणि तर्जनी वापरली नाही तर आखडतील. दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो कॉटखाली धूळ खातोय. सु. उजवा हात सतत पंच्याखाली ठेवतो. जेवतोही डाव्याने. धुळ्याला सुतारकाम शिकताना तो पार्लरमध्येच पडीक असायचा. खेळायला तरी हात बाहेर काढेल.

एरवी दांडी डावीकडे, बटणं उजवीकडे. मी उलट करणार. दांडी उजवीकडे म्हणजे दोन बोटांत धरता येईल, बटणं धडधाकट हाताला. बायको, मंदा, म्हणाली, भाऊजींना विचारलंत का? विचारायचं काय त्यात.

१२ जाने. बुध.

धुळे. स्टँडमागचा पार्लर बंद होतोय. मालकाने दांडी आणि बटणं काढून दिली. त्याला सु. आठवतो. म्हणाला, तुमचा भाऊ खेळायला लागला की मागे पोरं जमायची, आता काय करतो? म्हटलं, दुकान आहे त्याचं. खोटं नाही. दुकान आहेच.

बटणाचं भोक २८ मि.मी.

१४ जाने. शुक्र. संक्रांत.

शेजारचे तिळगूळ घेऊन आले. सु. खोलीत जाऊन बसला. तिळगुळाला उजवा हात पुढे करावा लागतो. मंदाने त्याच्या वाटचा वाटीत ठेवला. संध्याकाळी वाटी तशीच.

१६ जाने. रवि.

खोकं उभं राहिलं. थोडं कलतं. खाली पुठ्ठा.

सनमायकाच्या तुकड्यावर सराव. विजेचं ड्रिल, चपटं पातं. भोक पहिलं: कडेने टवके, उंदराने कुरतडल्यासारखे. दुसरं: पातं सरकलं, लांबलचक ओरखडा. तिसरं: वरून बरं, खालून प्लायची साल निघाली. चौथ्याचं लिहीत नाही.

सु. दारातून बघून गेला. बोलला नाही. पण चौथ्याच्या वेळी त्याने दात खाल्ले, ऐकू आलं.

१७ जाने. सोम.

चिकटपट्टी लावून पाहिली. टवके कमी, ओरखडा बंद. खाली टाकाऊ फळी शिकंज्यात घट्ट आवळली तर मागची सालही निघत नाही. प्रगती आहे. तरी कड स्वच्छ नाही. ही भोकं सु.च्या फळीला पाडायची माझी छाती नाही. सराव चालू.

१८ जाने. मंगळ.

आज बोलला. भोक क्र. ११ चालू होतं. मागे येऊन उभा राहिला.

"भाऊ, काय करी राहिना? मांगून पाड. वरून सरकस ते."

समजलं ते असं: मधलं बारीक भोक मागच्या, लाकडाच्या बाजूने आरपार पाडायचं. लाकडात टोक सरकत नाही. मग पुढून त्याच भोकात मोठं पातं धरायचं. विजेचं ड्रिल नाही, हाताने फिरवायचं गिरमिट. आणि:

"आदी उलटं फिरव. मायका कापाई जाऊ दे. मंग सुलटं."

उलट फिरवलं की पात्याचा दात लाकूड उचकटत नाही, नुसती गोल चीर पाडतो. चीर सनमायकाच्या पार गेली की सुलट. निम्मं झालं की फळी पालथी करून उरलेलं मागून. क्र. १२ आरशासारखं. कडेवरून अंगठा फिरवला, लागला नाही. इतका आनंद झाला की मंदाला हाका मारून दाखवलं. ती म्हणाली, भोक आहे.

सात महिन्यांत त्याने कामाबद्दल उच्चारलेले हे पहिले शब्द. गिरमिट मात्र हातात घेतलं नाही.

२३ जाने. रवि.

आज खरी फळी. भोकांच्या जागा आखलेला कागद मागच्या बाजूला चिकटवला, सात बारीक भोकं आरपार. सु. स्टुलावर बसून होता. कागदाकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, चालू दे.

पुढून गिरमिट, उलट, मग सुलट. सकाळी आठला सुरू, दुपारी अडीचला सातवं. एकही टवका नाही. मंदाने भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती, ती गार झाली. 

जेवून फळी खोक्यावर ठेवली. दांडी डावीकडे.

कागद मी पुढच्या बाजूसाठी आखलेला. चिकटवला मागे. डावं ते उजवं झालं. प्रयोगशाळेत मुलं आरशातली प्रतिमा उलट काढायला विसरतात तेव्हा वहीवर लाल रेघ मारणारा माणूस मी. फळी एकच. दुसरी होणार नाही. स्वतःचा भयंकर राग आला. अजून आहे.

२४ जाने. सोम.

कॉलेजात लक्ष नव्हतं. पारा सांडला.

संध्याकाळी सु.ला सांगितलं, चूक झाली, दांडी तुझ्यासाठी उजवीकडे हवी होती, माझ्याकडून फळी वाया गेली. तो म्हणाला, माले दिसनं व्हतं. कागद चिकटवतानाच दिसलं होतं.

विचारलं, मग बोलला का नाहीस?

"बठ्ठीकडे दांडी डावीकडेच ऱ्हास. मन्हासाठी येगळं नको."

सगळीकडे असते तशीच हवी, त्याच्यासाठी वेगळी नको.  मंदाने मला दहा तारखेलाच विचारलं होतं, ते तिने काढलं नाही. उपकार.

२६ जाने. बुध. सुट्टी.

झेंडावंदन करून आलो. बटणं बसवली, तारा जोडल्या. टीव्हीवर चित्र आलं, थोडं मुंग्या मुंग्या.

सु. खोक्यासमोर उभा राहिला. डावा हात दांडीवर. बराच वेळ तेवढंच. मग पंचा खांद्यावर टाकला आणि उजवा हात बटणांवर ठेवला. मी टीव्हीच्या मागच्या तारा बघत राहिलो. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. मग वळलो. हात मी नीट पाहिला तो आज, पट्टी सुटल्यापासून पहिल्यांदा. वाईट वाटलं. पण वाटलं होतं तेवढं नाही.

पाच मिनिटांत तीनदा मेला. उडी वेळेवर बसत नाही. दोन्ही मुख्य बटणं एका रेषेत, पाच बोटांच्या हिशेबाने. दोनच बोटं ठेवली की मनगट पिरगळतं. सहाव्यांदा हरल्यावर टीव्ही बंद करून खोलीत गेला. पंचा पुन्हा हातावर.

२८ जाने. शुक्र.

खेळला नाही. खोक्याजवळही गेला नाही. कापड टाकून ठेवलंय. मंदा म्हणते, राहू द्या. मी दुसरं काय करणार?

३० जाने. रवि.

बाजारातून आलो तर फळी खोक्यावरून उतरवलेली, बटणं काढून एका ताटलीत. सु. अंगणात, फळी शिकंज्यात, खाली टाकाऊ तुकडा. अंगठा आपोआप जिथे पडतो, तिथे पेन्सिलीची फुली. बटणांच्या रेषेच्या खाली, थोडी आत. उडीच्या बटणासाठी आठवं भोक.

मधलं बारीक भोक पाडून झालं होतं. गिरमिटाचा वरचा गोळा उजव्या तळव्याने दाबत होता, डाव्याने फिरवत होता. उलट. चीर पडली. मग सुलट. दर चार फेऱ्यांनी थांबायचा, तळवा झटकायचा. मी म्हटलं, देऊ का फिरवून? त्याने मान हलवली. नाही.

एका बाजूला टवका गेला, तांदळाच्या दाण्याएवढा. आख्ख्या फळीतला पहिला टवका, तोही त्याच्या हातचा. मी म्हटलं, बटणाच्या कडेखाली झाकला जाईल. तो म्हणाला, माले म्हाईत शे. गिरमिट खाली ठेवलं. तळवा लाल झाला होता. घाम पुसला, आत गेला, मंदाकडे चहा मागितला. कप उजव्या हाताने धरला की नाही, मला अंगणातून दिसलं नाही.

भोक निम्मंच झालंय. उरलेलं मागून पाडायचं. पाच मिनिटांचं काम आहे, मला आता चांगलं येतं.

फळी शिकंज्यातच आहे. मी हात लावलेला नाही.