मोठ्याने वाच

बाई, आज तुमची फार आठवण आली. घाटकोपरला तुमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजला लागून असलेल्या टेबलावर तो एकच कॉम्प्युटर होता आणि आम्ही चार-पाच जणी पाळीपाळीने त्याच्यापुढे बसायचो. तुम्ही एकीकडे कुकर लावायचात, एकीकडे शिकवायचात. माझं नुकतंच लग्न झालेलं, माऊसला हात लावायचीही भीती. एका दुपारी मी बटण दाबते आणि काळ्या स्क्रीनवर नुसत्या इंग्रजी ओळी. मला वाटतं, मोडला. मी रडायलाच लागते. तुम्ही कणकेचे हात तसेच घेऊन येता आणि चिडता, "रडतेस काय? तो काहीतरी सांगतोय ना तुला? मोठ्याने वाच." मी अडखळत वाचलं. सुरू व्हायला लागणारी डिस्क त्याला सापडत नव्हती. माझ्या आधी बसलेलीची फ्लॉपी आतच राहिली होती आणि तो बिचारा तिच्यातच शोधत होता. फ्लॉपी काढली, सुरू झाला. तुम्ही तव्यावरची पोळी तूप लावून माझ्या हातात दिलीत.

आता मी मुलुंडला एका केंद्रात काम करते. ऐकू कमी येणाऱ्या मुलांना तिथे बोलायला शिकवतात. मुलांचे पहिलेवहिले शब्द तिथल्या मॅडम रेकॉर्ड करून ठेवतात, तेही एकाच कॉम्प्युटरवर. आज सकाळी तो चालूच होईना, काळ्या स्क्रीनवर नुसती एक इंग्रजी ओळ. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "हार्ड डिस्क गेली असेल, ताई. फॉरमॅट मारून बघू, नाहीतर नवीन टाकू." मॅडम म्हणाल्या, "वाट लागली गं. सगळ्या पोरांचे आवाज आहेत त्यात."

मी त्याला म्हटलं, "तू ये, पण फॉरमॅट मारून काही पुसायचं नाही." आणि स्क्रीनवरची ओळ वाचली, अगदी मोठ्याने. तीच, डिस्क सापडत नाही. मॅडम बघतच राहिल्या. सेटिंगमध्ये गेले तर यादीत हार्ड डिस्कचं नावच नाही. म्हणजे ती बिघडली तरी असेल, नाहीतर जोडलेलीच नसेल. काल रंगवाल्यांनी टेबल सरकवलं होतं. प्लग काढला, बाजूचं झाकण उघडलं, तर डिस्कची वायर अर्धवट निघालेली. घट्ट बसवली. परत सुरू केला. या वेळी यादीत नाव आलं, मग नेहमीचं चित्रही आलं. मॅडमनी पहिलीच फाईल लावली. एक चिमुरडी दम घेत घेत म्हणते, "पा... णी." मॅडमनी तीच फाईल पुन्हा लावली. मग आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं.

दुपारी दुरुस्तीवाला आला, आत डोकावला. "झकास काम केलंत, ताई. कुठे शिकलात?"

"माझ्या बाईंकडे. घाटकोपरला."

"अजून क्लास घेतात का? बायकोला पाठवतो."

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्यासमोर "त्या गेल्या" असं म्हणवेना. मी म्हटलं, "विचारून सांगते."