बटणांवर चाललेलं दुकान

मी, नदीकाठच्या पीठ-मिठाच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, पण डोकं शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहिते. याआधी लिहिलेलं काही सापडल्यास ते रद्द समजावं.

१. दुकान आणि मागच्या दोन खोल्या सुनेच्या नावे. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. तो भला आहे, पण त्याचं लक्ष तागडीपेक्षा गप्पांत जास्त. बँकेतली शिल्लक दोघांची.

२. बटणांचा ठसा लोहाराने वितळवून टाकावा. तो हाताशी असला की मोह होतो. पूल वाहून गेला त्या वर्षी गावात सुटी नाणी उरली नाहीत. मोड म्हणून मेणबत्त्या दिल्या, त्या उन्हात वाकल्या. अंडी दिली, ती फुटली. तेव्हा आमच्या ह्यांनी पितळी बटणांवर ठसा मारला. ह्यांचा धंदाच बटणं पाडण्याचा. एक बटण, एक माप पीठ. आधी शिंप्याने घेतलं, त्याच्याकडून न्हाव्याने, मग सगळ्यांनीच. कारण दुकानात आणलं की पीठ मिळायचंच.

३. दिरांना माझी वेताची खुर्ची. राग मात्र मी बरोबर नेणार आहे. ते म्हणाले होते, "दादा, ठसा आपलाच आहे, ठोक आणखी! कोणाला कळतंय?"

हे म्हणाले, "कोठीत पीठ आहे तेवढीच बटणं. एक माणूस जरी रिकाम्या हाताने परत गेला, तर बाकीची नुसती कोटाला लावायची."

तरी भाऊजींनी गुपचूप ठोकलीच. कोठीचा तळ दिसू लागला.

हे नावेने पलीकडे पीठ आणायला गेले. तिथे आमच्या बटणांना कोण विचारतो? मग ह्यांनी पोती उधार उचलली आणि ती फिटेपर्यंत गिरणीत राबायचं कबूल केलं. पोती आली, प्रत्येक बटणाला पीठ मिळालं. हे आले नाहीत. तिथल्या तापाच्या साथीत गेले, गिरणीमागेच त्यांना पुरलं.

नावाड्याने निरोप आणला, "वहिनी, दुकान एक दिवसही बंद ठेवू नको म्हणाले."

नाही ठेवलं. नवा पूल झाला, नाणी आली, सगळे पलीकडे जाऊन आले. मी गल्ल्यावर बसून त्या गिरणीचं धुराडं बघत राहिले.

४. मला पलीकडे न्यावं, गिरणीमागे, ह्यांच्या शेजारी. पुलावरून नको, नावेने न्यावं. ह्यांनी नवा पूल पाहिलेला नाही. वाट बघत असतील ती नावेचीच.

सही: दुकानवाली
साक्षीदार: न्हावी, शेजारची शिवणकामवाली
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी