कुऱ्हाडीचं वय

९ मार्च, सकाळ

आज आयुष्याला दिशा मिळाली. नाक्यावरची लाकडाची वखार कायमची बंद होते आहे. मालक सामान बाहेर काढत होता. त्यात झाडं तोडायची जुनी हत्यारं: तीन कुऱ्हाडी, ओंडके गडगडवायचा लोखंडी आकडा, ओंडक्यावर नंबर मारायचा हातोडा आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढायची भली लांब करवत. सगळं घेऊन आलो. मालक म्हणाला, नेताय ते बरं झालं, नाहीतर टेम्पो करावा लागला असता. हातातून काय जातंय याची त्याला कल्पना नाही.

रिटायर झाल्यापासून मला साजेसं काम मिळत नव्हतं. आता मिळालं. जुन्या हत्यारांचं वय ओळखणं. सगळी नोकरी रेकॉर्ड विभागात झाली. नुसता कागद हातात घेतला की साल सांगायचो. (साल वर लिहिलेलं असायचं, पण तो मुद्दा वेगळा.)

ही लेकीकडे गेली आहे, बाळंतपणाला. नात झाली. दोघी सुखरूप. तीन आठवड्यांत ही परत येईल. तोवर घरात शांतता, अभ्यासाला उत्तम. हिच्या येण्याआधी प्रत्येक हत्याराचं वय ठरवून, चिठ्ठी लावून, हॉलमध्ये मांडणी करायची. दारातच थक्क होईल.

१२ मार्च

इंटरनेटवर पद्धत वाचली. सोपी आहे. जुन्या कुऱ्हाडीचं अंग साध्या लोखंडाचं असतं आणि धारेला पोलादाची पट्टी भट्टीत तापवून जोडलेली असते. ती जोडाची रेघ दिसली की कुऱ्हाड जुनी.

भिंगाने तिन्ही कुऱ्हाडी पाहिल्या. रेघ कुठेच नाही. म्हणजे जोडकाम इतकं कसबी की रेघसुद्धा दिसत नाही. असे कारागीर फार पूर्वीच संपले.

एका दांड्यावर अर्धवट फाटलेलं बारकोडचं स्टिकर आहे. दुसऱ्या कशावरचं तरी काढून कोणीतरी गंमत म्हणून चिकटवलेलं. लोकांना जुन्या वस्तूंची कदर नाही.

संध्याकाळी हिचा फोन. जेवलात का, म्हणाली. मी जोडाच्या रेघेबद्दल सांगितलं. ती म्हणाली, बाळ आज हसलं. मी म्हटलं, या वयात ते हसू नसतं, पोटातला वायू असतो. फोन कट झाला. तिकडे नेटवर्कचा फारच त्रास आहे.

२ एप्रिल

हिचा मुक्काम वाढला. लेकीला झोप मिळत नाही म्हणे. मीही आग्रह केला नाही, चिठ्ठ्या अजून व्हायच्या आहेत.

मोठा शोध. एका कुऱ्हाडीवरचा गंज घासला तर खाली आकडे. १८८७. मी खुर्चीत बसूनच राहिलो. दुसरी घासली. १८८८. तिसरी, १८८९. दर वर्षी एक कुऱ्हाड घेत असणार. शिस्तीची माणसं.

कोणाला तरी सांगावंसं वाटलं. शेजारच्या कर्नलची बेल वाजवली. (लष्कराशी संबंध नाही, नुसत्या मिशा आहेत.) त्याने दार उघडलं आणि लगेच मोबाइल कानाला लावून महत्त्वाचा फोन आहे अशी खूण केली. मोबाइल उलटा धरला होता. बिचारा फार कामात असतो.

५ एप्रिल

हातोडा घासला. त्यावर २०४१.

दुपार

डोकं शांत ठेवून विचार केला. नंबर मारायच्या हातोड्यावरचे आकडे उलटे कोरतात, म्हणजे लाकडावर सुलटे उठतात. तेव्हा २०४१ म्हणजे १४०२. हे जरा जास्तच जुनं होतंय. चिठ्ठीवर तूर्त ‘अतिप्राचीन’ एवढंच लिहिलं.

२० मे

हत्यारांच्या फोटोंसह संग्रहालयाला ईमेल केली. सविस्तर, अकरा पानी. सोबत सहीचा नमुना, पुढेमागे सल्लागार म्हणून बोलावलं तर.

डबा देणाऱ्या बाई आज म्हणाल्या, घरात एवढी हत्यारं, मला आत यायला भीती वाटते. आता डबा दाराबाहेर ठेवून बेल मारून जातात. पूर्वी पाण्याच्या निमित्ताने दोन मिनिटं टेकायच्या. हरकत नाही, तेवढाच वेळ वाचला.

१८ जुलै

करवतीचा अभ्यास. अगदी जुन्या करवतीचे सगळे दात सारखे असतात. नंतरच्या करवतींना मधूनमधून एक वेगळा, आखूड दात, भुसा बाहेर ओढण्यासाठी. माझ्या करवतीला असे आखूड दात दिसतात. अर्थात ते मुळात सारखेच असणार. वापरून झिजले. ठरावीक अंतरावर झिजले हे विशेष.

करवत चालवून पाहायला हवी, म्हणजे घडणीचा अंदाज येतो. कर्नलला दुसरं टोक धरायला बोलावलं. त्याची पाठ दुखते. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना विचारलं. त्यांचीही पाठ आजच धरली. आमच्या बिल्डिंगमध्ये पाठीची काहीतरी साथ आहे.

शेवटी दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधून एकट्यानेच ओढली. करवत मधे वाकली, थरथरली आणि रडल्यासारखा लांबलचक आवाज काढला. आवाज थांबल्यावर घर फार मोठं वाटलं.

१९ जुलै

करवत भिंतीला टेकवून ठेवली. तिचं वय नुसतं पाहूनही ठरवता येतं.

६ सप्टेंबर

मी वाचनालयात असताना ही येऊन गेली. किल्ली कर्नलकडून घेतली. शिलाई मशीन आणि हिवाळ्याचे कपडे घेऊन गेली. फ्रिजमध्ये चार डबे भरून ठेवलेत, प्रत्येकावर वार लिहिलेला. निरोप काही नाही. कर्नल म्हणाला, वहिनी थोडा वेळ हॉलमध्ये उभ्या होत्या. प्रदर्शन बघत असणार. मी घरी असतो तर माहिती दिली असती.

मशीन गेल्याने खिडकीखालची जागा मोकळी झाली. करवत तिथे बरोबर मावते.

रात्री चुकून गुरुवारचा डबा उघडला. आज शनिवार. तसाच खाल्ला.

३ ऑक्टोबर

संग्रहालयाचं उत्तर आलं. दोन ओळी. आकडे ही सालं नसून वखारीतल्या सामानाचे नंबर असावेत, आणि घडण पाहता हत्यारं अलीकडची, कारखान्यात बनलेली दिसतात. कळावे.

फोटोवरून वय सांगतात. अशा लोकांच्या हाती संग्रहालयं आहेत. आता हा विषय थेट जनतेसमोर न्यायचा. वाचनालयात व्याख्यान देईन.

त्याआधी एका कुऱ्हाडीवर कारखान्याचं नाव आहे का ते शोधावं म्हणून ती व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली आहे. एक रात्र पुरते.

१४ ऑक्टोबर

व्हिनेगरमधली कुऱ्हाड विसरलो होतो. १८८९ गेलं. आता नुसता ८ दिसतो, तोही सांगितलं तर. तर्काने उरलेले आकडे भरता येतात.

११ नोव्हेंबर

व्याख्यान झालं. एकूण यशस्वी.

तारीख हिला आधीच कळवली होती. पुढच्या रांगेत, कडेची खुर्ची पिशवी ठेवून राखली. नातीला सर्दी झाल्यामुळे येता आलं नाही. कर्नल येतो म्हणाला होता. एक जोडपं आलं, त्यांनी या कुऱ्हाडीने सरपण फुटेल का असं विचारलं. मी म्हटलं, ही कुऱ्हाड फोडायची नाही, पाहायची. त्यांनी पाहिली आणि गेले. पेपर वाचणारे एक गृहस्थ शेवटपर्यंत होते. त्यांना ऐकू येत नाही हे नंतर कळलं.

ग्रंथपाल बाई मात्र पूर्ण वेळ बसल्या. सामान आवरायला मदत करताना म्हणाल्या, तुमच्या मिसेस दर मंगळवारी यायच्या. त्या खिडकीपाशी बसायच्या. प्रवासवर्णनं वाचायच्या, एकही सोडलं नाही. बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत, गाव सोडलं की काय असं वाटलं.

मंगळवारी ही बाजारात जाते अशी माझी माहिती होती. पिशवी घेऊन जायची. त्या पिशवीत काय असायचं ते मी कधी पाहिलं नाही.

खिडकीपाशी जाऊन आलो. तिथून फक्त रस्ता दिसतो.

२ जानेवारी

नवीन वर्ष, नवे संकल्प. १) ओंडक्याच्या लोखंडी आकड्याचं वय. २) रोज फिरणं. ३) हिला प्रवासाबद्दल विचारणं.

पहिल्यापासून सुरुवात करतो.

२७ फेब्रुवारी

हिचा फोन. करवतीच्या मुठीला ठोकलेल्या रिव्हेटवरून काळ कसा ठरवायचा हे मी तिला नीट समजावून सांगितलं. पुढच्या आठवड्याचं ती काहीतरी सांगत होती. माझं बोलणं मधेच तुटू नये म्हणून मी म्हटलं, हो हो.

८ मार्च, रविवार, संध्याकाळ

आज लेकीकडे जाऊन आलो. न कळवता. कळवलं असतं तर त्यांनी उगाच धावपळ केली असती.

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पहिली कुऱ्हाड घेतली. नातीला मोठेपणी उपयोगी पडेल, संग्राह्य वस्तू आहे. वर्तमानपत्रात गुंडाळली. बसमध्ये कागद फाटला. शेजारच्या बाई उठून पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मला ऐसपैस बसता आलं.

लेकीच्या बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनने अडवलं. काका, हे काय आहे, म्हणाला. मी वय, घडण वगैरे सांगायला सुरुवात केली. त्याने ऐकून न घेता वरती फोन लावला. मी शेजारीच उभा होतो, त्यामुळे शब्द न शब्द ऐकू आला: ‘मॅडम, खाली एक म्हातारे आलेत. हातात कुऱ्हाड आहे. आजींना विचारतायत.’

ही खाली आली. पायात लेकीच्या चपला. माझ्याकडे पाहिलं, कुऱ्हाडीकडे पाहिलं. वॉचमनला म्हणाली, आमचेच आहेत. कुऱ्हाड इथेच राहू दे, ते वर येतील.

वर हॉलमध्ये फुगे होते, थोडे सुकलेले. जावईबापूंनी पाणी आणून दिलं. लेक म्हणाली, बाबा, बसा ना. ती गुटगुटीत पोरगी सोफा धरून उभी होती आणि माझ्याकडे एकटक पाहत होती. मी प्रथमच इतक्या जवळून पाहिली. फोटोत इतकी नाक-डोळ्यांनी हिच्यासारखी वाटली नव्हती.

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी पोरीची तपासणी केली. खाली दोन दात, वर दोन. उभी राहते, चालत नाही. मी म्हटलं, आठ महिन्यांची असेल.

लेकीने फुग्यांकडे पाहिलं. मग ही म्हणाली, परवा वर्षाची झाली. तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, या म्हणून. तुम्ही हो म्हणालात.

मी म्हटलं, दातांवरून फसायला होतं.

ही हसली नाही, रागावलीही नाही. पोरीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत चहा टाकायला गेली. पोरगी जड आहे. तिने माझा चष्मा ओढला, मग बोट धरलं ते सोडलंच नाही. मी हललो नाही. चहा निवला.

निघताना जिन्यात हिला विचारलं, घरी कधी येशील. ती म्हणाली, इथे कोणीतरी माझ्याशी बोलतं हो. मी म्हटलं, मी तर रोज बोलतो. ती म्हणाली, तेच. मग माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण पाहिलं, म्हणाली, पुढच्या वेळी हा शर्ट घेऊन या, मशीन इथे आहे.

यावर मला योग्य उत्तर सुचलं नाही. बसमध्ये दोन-तीन चांगली सुचली.

रात्री

आत्ता लक्षात आलं. कुऱ्हाड गेटवरच राहिली.

वस्तू मौल्यवान आहे. अशी वॉचमनच्या केबिनमध्ये टाकून चालणार नाही, गंज चढेल. आणायला जावं लागणार, नाइलाज आहे. पुढच्या रविवारी जातो. शनिवारीही जमेल. तसा बुधवारीही मी मोकळाच आहे.

शर्ट पिशवीत भरून दारापाशी ठेवला आहे.