कन्हानच्या वाळूतलं जोडपं

१९ मार्च १९७८

आज भलतंच पाहिलं. कामठीच्या खाली कन्हानच्या पात्रात वाळूचं बेट आहे, तिथं दर उन्हाळ्यात नदी सुरय घरटी करतात. कुरवांचेच भाऊबंद — पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी. त्यातल्या एकाने मासोळी आणली, मान ताणून ऐटीत दोन फेऱ्या मारल्या आणि ती धरली कुणापुढे? काळ्या पोटाच्या सुरयपुढे! ती लहान चणीची, नारिंगी चोचीची, जातच वेगळी. तिनं घेतली. गिळलीसुद्धा. या पाखरांत मासा देणं म्हणजे मागणी घालणं आणि गिळणं म्हणजे होकार.

बसमध्ये उभी राहून आले तरी पाय दुखले नाहीत. दारात येऊन पाहते तर कुलूप. प्रेमिला परवाच उमरेडला भावाकडे गेली हे मी चक्क विसरले होते. ती असती तर म्हणाली असती, "मासोळी कोणती होती ते सांग पहिले." तिला खाण्याशी मतलब.

आता हे सांगू कुणाला? वहीला सांगते आहे.

२० मार्च

प्रेमिला कशी गेली ते लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

तिचा भाऊ रुपराव आला होता. वर्ध्याचं स्थळ, बिजवर, दोन मुलं, नोकरी पक्की. चहा पिऊन झाल्यावर ती आत गेलेली पाहून मला म्हणाला, "ताई, ते आमचं ऐकत नाही. तुमचं ऐकते. तुम्ही सांगून पाहा न." मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी शहाणी बाई. हो म्हटलं.

रात्री ती लसूण सोलत होती. मी म्हटलं, "स्थळ चांगलं आहे. जाऊन तर ये."

"तुले काय वाटते?"

"तेच तर सांगते आहे."

"तुले वाटते का मी जावं म्हणून?"

मी "हो" म्हटलं. अकरा वर्षं एका घरात काढून एवढंच जमलं मला. तिनं राहिलेला लसूण सोलला, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी गेली. शिवणाचं मशीन इथंच आहे, चादर घालून.

२८ मार्च

तीन बायका ब्लाउज विचारून गेल्या. "प्रेमिलाबाई केव्हा येणार?" माहीत नाही म्हटलं. एकीने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? भाडेकरू, म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. घर दोघींच्या नावावर आहे.

२ एप्रिल

जोडपं पक्कं झालं! दोघं मिळून वाळूत खळगा करतात. एक छातीने उकरतो, दुसरी काठावरचे खडे बाजूला टाकते, मग पाळी बदलते. शेजारच्या सुरयांनी दोनदा हाकलून पाहिलं. हलली नाहीत.

भुसारी सरांना फोन केला. माझे गाइड, रिटायर झाले तरी आवाज तोच. "बाई, अशा संकराची नोंद आपल्याकडे मी तरी वाचली नाही. अंडी येऊ द्या, पिल्लू येऊ द्या, छापू. नर कोणता?" मोठा तो नर, मी सांगितलं. मासा त्यानेच आणला होता ना.

पंधरा वर्षं बेडूक फाडून दाखवते आहे. एकदा तरी माझं काही छापून यावं. ही खुशी कुणाच्या तरी अंगावर ओतावीशी वाटते आणि घरात माठसुद्धा अर्धा रिकामा.

८ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली नाही.

१३ एप्रिल

अंडी! वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. तीन. बेटाच्या काठाला जयवंताबाईची टरबुजाची वाडी आहे, तिच्या मांडवातून दुर्बीण लावते मी. आज मला हसताना पाहून तिनं टरबूज कापलं. "रोज येता मॅडम. घरचे काही म्हणत नाहीत?"

"घरी कुणी नाही."

"मंग बरं हाय," म्हणाली. बरं काय डोंबल.

१७ एप्रिल

पाखरं उठल्यावर जवळ जाऊन पाहिलं. सहा अंडी.

सहा कशी असतील? एक मादी तीन घालते, फार तर चार. गुडघे टेकून नीट पाहिली. तीन मोठी, तीन लहान. मोठी नदी सुरयची, लहान काळ्या पोटाच्या सुरयची. दोघींनीही घातली आहेत.

नर नाहीच यात. दोघीही माद्या. मासा आणणारी मादी, तो गिळणारीही मादी, आणि मी महिनाभर एकीला "तो" लिहीत बसले. जोडपं म्हटलं की एक नर असणारच, हे मी पुस्तकात पाहिलं नाही, पाखरांतही पाहिलं नाही, आपलं धरूनच चालले. वाळूत बसून एकटीच हसले. मग रडू आलं. ऊन इतकं होतं की कुणाला कळलंही नसतं, आणि कुणी नव्हतंच.

१९ एप्रिल

भुसारी सर म्हणाले, "हात्तिच्या. मग त्यात छापण्यासारखं काय? नर मिळाले नसतील म्हणून बसल्या एकत्र. निसर्गाची चूक आहे ती बाई. दुसरं जोडपं शोधा."

बरं म्हणून फोन ठेवला. दिवसभर राग गेला नाही. नर मिळाला नाही म्हणून! बेटावर नर काय कमी आहेत? रोज पाहते मी. सरांना हे तोंडावर सांगायचं होतं. मला सगळं फोन ठेवल्यावरच सुचतं.

२७ एप्रिल

नोंद छापायची नाही तरी जातेच आहे. सुट्टीच आहे कॉलेजला, आणि घरात करू काय.

ऊन भयंकर. वाळूवर पाय ठरत नाही. एक अंड्यांवर पंख पसरून सावली करते, दुसरी नदीवर जाऊन पोट भिजवून येते आणि ओल्या पोटाने बसते. मग पहिली जाते. दिवसभर हेच.

घरी कूलरमध्ये पाणी मीच ओतते. आधी बादली प्रेमिला भरायची, मी नुसती "लावला का गं?" विचारायची. तिची आठवण येते. लिहायला इतके दिवस लागले. फार येते. स्वयंपाकाला बसले की दोघींचीच कणीक मळली जाते, दुसऱ्या दिवशी शिळ्या पोळ्या मीच खाते.

उमरेडला जाऊन यावं का? पण जाऊ कोण म्हणून? बहीण नाही, नणंद नाही, जाऊ नाही. लग्नघरात मला बसवतील कुठे? रुपराव म्हणेल, ताई तुम्हीच तर सांगितलं. खरंच आहे.

४ मे

गांधीबागेच्या बाजारात रुपराव दिसला. ठोक कापडाच्या दुकानाच्या पायरीवर, शेजारी साड्यांचं हे मोठं गाठोडं. आखजी, लग्नांचा मुहूर्त, जवळ आली. ओळख न देता मागे फिरले, घ्यायचं होतं तेही घेतलं नाही.

लग्न ठरलं तर. चला, बरं झालं.

काही बरं झालं नाही.

५ मे

मशीन कुणाबरोबर तरी पाठवून द्यायला हवं. तिचं आहे. चादर काढून तेल घातलं, पुन्हा चादर घातली.

७ मे

पहाटे उठून बसले. रुपराव विणकर! घरात तीन हातमाग. तो गांधीबागेत साड्या घ्यायला कशाला येईल? विकायलाच आला असणार. दर महिन्याला येतो, जाताना आमच्याकडे चहा घेतो. अकरा वर्षं मी त्याला साखर किती विचारते आहे आणि हे मला सुचलं नाही! तीन दिवस फुकट मेले.

पण मग या खेपेला चहाला का आला नाही?

८ मे

आसपासच्या घरट्यांतून पिल्लं निघाली. वाळूचीच हालचाल झाल्यासारखं वाटतं. आमच्या दोघींच्या खळग्यात काही नाही. एक अंडं बाहेर घरंगळलं होतं, फुटलेलं. आत नुसतं पाणी.

जयवंताबाई टरबुजं टोपलीत भरत होती. "उगाच बसून राहिल्या बिचाऱ्या. काही निघत नाही त्यातून." मी पाहत राहिले. मोठी नदीवरून ओली होऊन आली, लहान उठली, मोठी बसली. मग लहानीने मासोळी आणली. पहिल्यांदाच तिनं आणलेली पाहिली. मोठीने घेतली.

दुर्बीण पिशवीत टाकली आणि बस येईपर्यंत रस्त्यावर उन्हात उभी राहिले. उद्या उमरेडला जाते. लग्न असेल तर असो, मी तेव्हा "हो" म्हटलं ते खोटं होतं, एवढं अक्षता टाकायच्या आधी तिला सांगून येते. मग ती काय करायचं ते करो.

९ मे, उमरेड

दारात तिची आई रुखमाबाई तांदूळ निवडत होती. मांडव नाही, तोरण नाही. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"न्यायले आल्या का?"

मी मान डोलावली.

"आल्या दिवशीच नाही म्हणून बसली ते. भाऊ बोलेना, मीही बोलेना. रुपराव तुमच्याकडे जातो म्हणे, त हे त्याले जाऊ दे नाही. म्हणे तिनं धाडलं, आता तिनंच यावं." मग आत पाहून हाक मारली, "प्रेमिले, ऊठ वं. पिशवी भर. तुह्या घरचं माणूस आलं."

प्रेमिला बाहेर आली. पिशवी भरलेलीच होती.