मोहाच्या वासाची झोप

प्रिय राजदीप,

मुलं वर्गात झोपलेली आढळली म्हणून तू, आता शिक्षणाधिकारी झालेला, शिक्षिका रिनाला नोटीस दिलीस. काल मीही तिच्या शाळेत गेले. पहाटेपासून मोहफुलं वेचून आलेली पोरं सतरंजीवर निजली होती आणि सगळा वर्ग गोड वासानं जडावला होता. मी उठवायला निघाले, तर रिना म्हणाली, "झोपू द्या ना, बाई. उठले का मंग पाढे म्हनतेत."

उठल्यावर त्यांनी खरंच म्हटले, हसत हसत.

लहानपणी तूही माझ्या वर्गात असाच पेंगत यायचास. तुझ्या हाताचा मोहफुलांचा वास दारूचा समजून मी त्यावर छडी मारली. माझ्याकडून तू नेमकं तेवढंच शिकलास? 

कॉन्व्हेंटनं मला पत्रं लिहायला शिकवलं, माफी मागायला नाही; ती कागदावर जमत नाही, म्हणून हे पत्र टाकत नाही. उद्या स्वतःच तुझ्या कचेरीत येते. आधी त्या छडीसाठी तुझा हात धरेन, मग या नोटिशीसाठी तुझा कान.

तुझी,
तहसीनबाई