पंख्यांखालचा वारा

२ सप्टेंबर
पोचले एकदाची! पुण्यातल्या वॉर्डाच्या फिनेलच्या वासातून सुटून थेट पिंपळनेरच्या रस्त्यावरच्या या तळावर. आईला फोन केला तर ती चाळीसगावात आनंदाने रडायलाच लागली. लेक नर्स झाली, वर आता माहेराच्या इतक्या जवळ आली. मेसमध्ये पहिल्याच जेवणाला शेवभाजी, इतकी तिखट की नाकातून पाणी आलं. लगेच घरी आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी यंत्र पाहिलं. पंखांच्या दोन टोकांना दोन प्रचंड पंखे. त्यांची तोंडं वर केली की ते हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी उठतं, पुढे वळवली की विमानासारखं पळतं. चाचणीसाठी आलंय. जवान उतरवणं, डोंगरातल्या ठाण्यांवर रसद पोचवणं, जखमी उचलणं, पुरातून माणसं काढणं, सगळं करून बघायचं. माझं काम जखमींचं. मुख्य वैमानिक कॅप्टन जितेंद्र उत्तरेकडचे, मराठी जेमतेम, फार कमी बोलतात. दोर सोडून माणसं वर घेणारे हवालदार हिलाल अमळनेरकडचे. चाळीसगावची म्हटल्यावर त्यांनी ‘मॅडम’ सोडून ‘ताई’ सुरू केलं.

५ सप्टेंबर
पहिलं उड्डाण. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून साप चावलेल्या बाईला धुळ्याच्या दवाखान्यात आणलं. रस्त्याने अर्धा दिवस गेला असता. ती वाचली. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं.

उतरताना पंख्यांखालचा वारा बघून मात्र धडकी भरली. कुडाची भिंत वाकली, बकऱ्या कोलमडल्या, वाळत घातलेली मिरची आभाळात गेली. हिलालभाऊंनी लोकांना खुणेने जमिनीवर पालथं पडायला लावलं.

परत आल्यावर शेवटच्या आसनाखाली पाणी साचलेलं. गढूळ, गाळाचं. आकाश कोरडं ठणठणीत होतं. मी पुसायला घेतलं तर हिलालभाऊंनी फडकं काढून घेतलं. म्हणाले, राहू द्या ताई, ते पुसून जात नाही.

९ सप्टेंबर
हेडफोनमध्ये आज एका म्हातारीचा आवाज आला. अगदी कानाशी.

“वारा भलता लागी राह्यना, भाऊ.”

वारा फार लागतोय, असं म्हणत होती. आजोळची अहिराणी. क्षणभर गोड वाटलं. कॅप्टननी विचारलं, कोण बोलतंय? मग तेच म्हणाले, रेडिओत कुणाचं तरी बोलणं घुसलं असेल. हिलालभाऊ खाली बघत होते. शेवटच्या आसनाखालची जागा पुन्हा ओली होती, आणि पाण्याच्या कडेला अनवाणी पावलाचा ठसा होता. एकच.

१२ सप्टेंबर
हिलालभाऊंना गाठून विचारलंच. त्यांनी सांगितलं.

ऑगस्टमध्ये पांझरा नदीला पूर आला. एका घराच्या पत्र्यावर कुटुंब अडकलं होतं. मुलगा, सून, नातवंडं दोराने वर आली. म्हातारी यशोदाबाई राहिली. तिने हात हलवला, कॅप्टनना वाटलं जवळ बोलावते आहे. ते यंत्र आणखी खाली नेऊ लागले. हिलालभाऊ ओरडले, वर घ्या. पण तोवर पत्रा उचकटला आणि तिच्यासकट पाण्यात गेला. प्रेत मिळालं नाही. अहवालात लिहिलं: पुरात वाहून गेली.

१५ सप्टेंबर
तिच्या मुलाकडे, झुलालकडे गेले होते. दारात नवे पत्रे. त्याने चहा दिला, आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. तो तेव्हा वर यंत्राच्या दारातून बघत होता. म्हणाला, “माय सांगे, वर जाय, वर जाय. त्यास्ले वाटनं, ती बलाई राह्यनी.”

म्हणजे ती बोलावत नव्हती. वारा लागतोय, वर जा म्हणत होती. हात त्यासाठी हलवत होती.

कॅप्टनना हे सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, ते मला रोज ऐकू येतं, मला तिची भाषा कळत नव्हती एवढंच.

१६ सप्टेंबर
कॅप्टननी वरिष्ठांना सगळं खरं सांगितलं. उत्तर आलं, चाचण्या चालू ठेवा.

आज सगळे पट्टे बांधून बसलो होतो. शेवटच्या रिकाम्या आसनाचा पट्टा आपोआप घट्ट झाला. मी पाहिलं. हिलालभाऊंनीही.

१७ सप्टेंबर
मी उडणार नाही असं लिहून दिलं होतं. पण सातपुड्यातल्या पाड्यावरची दिपमाला नावाची बाई बाळंतपणात अडली आहे, बाळ आडवं. दुसरं काहीच तिथे वेळेत पोचणार नाही. निघतोय.

१७, विमानात
पाडा दिसला. खाली खाट, खाटेवर दिपमाला. लोक हात हलवताहेत — पंखे वर वळले — उतरतोय —

“वर जाय.”

सगळ्यांनी ऐकलं. चाकं टेकलीच नाहीत. वर निघालोय.

कॅप्टन ओरडताहेत, मी काही करत नाहीये — दांडा हलत नाही —

अजून वर. खाट दिसेनाशी झाली. रेडिओवर पाड्यावरची आशा सेविका विचारते आहे, का गेलात, का गेलात. तिच्यामागे दिपमालाचं कण्हणं. मग तेही —

थंडी. नखं निळी. कॅप्टनची मान एका बाजूला पडली आहे. यंत्र तरी चढतंय. हिलालभाऊ हात जोडून बसलेत. माय, माफ कर म्हणताहेत. शेवटच्या आसनावर यशोदाबाई. ती त्यांच्याकडे बघतही नाही.

ती शेजारी येऊन बसली. लुगड्याचं पाणी माझ्या मांडीवर. रागावलेली नाही — तेच — रागावली असती तर —

अक्षर नीट — बोटं —

काचेला नाक लावून खाली बघते. विचारते, “आपलं गाव कोनतं शे, बेटा?”

मी बोट दाखवायला वाकले. पण खाली नुसतं ढगांचं पांढरं, गाव कुठेच